डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर

पोर्तुगीज अमदानीतील गोमंतकात, शिरोडा गावी, २७ एप्रिल १८९९ रोजी विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून ते १९२३ साली एम.बी.बी.एस. व १९२७ साली एम.डी. झाले. १९३१ मध्ये इंग्लंडची एफ.आर.सी.एस. ही पदवी संपादून ते परतले आणि पुढे त्याच कॉलेजात प्राध्यापक झाले.

वारंवार होणारा गर्भपात रोखणारा 'शिरोडकर टाका' १९५५ पासून जगभर गेला. या कीर्तीत त्यांचे दुसरे, तितकेच मोलाचे कार्य झाकोळले. ते 'अंग बाहेर येणे' या, लाजेपोटी वर्षानुवर्षे मुकाट सोसल्या जाणाऱ्या दुखण्याविषयीचे.

लहान वयातील लग्न, लागोपाठची बाळंतपणे, गर्भाशयमुख पुरते उघडण्याआधीच करायला लावलेला जोर आणि बाळंतिणीच्या डोक्यावर लगेच चढणारा हंडा यांनी आतले आधार सैलावतात व गर्भाशय खाली उतरते. किंचित उतरले असता व्यायामाने भागते. शस्त्रक्रिया न झेपणारीला रिंग बसवितात. मुले पुरी झालेल्या प्रौढेचे गर्भाशय काढता येते. पण विशीतल्या, मुलाची आस असलेल्या स्त्रीचे काय? प्रचलित मँचेस्टर शस्त्रक्रियेत गर्भाशयमुखाचा भाग छाटला जाई. मग गर्भ न राहणे, राहिला तर अकाली पडणे, किंवा प्रसूती अडणे असे धोके संभवत. सुनेचे स्थान जेथे मुलावरून ठरे, तेथे हा इलाज दुखण्याहून महाग पडे.

शिरोडकरांनी येथेच लक्ष घातले. एका पद्धतीत त्यांनी गर्भाशयमुख न छाटता मागचे बंध पुढे आणून जोडले. दुसरीत, गर्भाशयाच्या मागील बाजूस पट्टी शिवून ती त्रिकास्थीच्या वरच्या कडेशी बांधली, म्हणजे निसर्गाने दिलेला आधार ज्या दिशेने असतो, त्याच दिशेने नवा आधार दिला. काम जोखमीचे, मूत्रवाहिनी व मोठे आतडे अगदी लगत. पोटाच्या पुढील भित्तीशी गर्भाशय जोडण्याची पुरंदरे यांची पद्धत त्या मानाने सोपी, हे मान्य करावे लागते. तरीही निवडक तरुण रुग्णांवर शिरोडकरांची शस्त्रक्रिया आजही होते, कित्येकदा दुर्बिणीतून.

१९६० साली त्यांना पद्मभूषण व १९७१ साली पद्मविभूषण मिळाले. त्याच वर्षी ७ मार्च रोजी त्यांचे निधन झाले.