मातीचा हिशेबनीस

नागपुरातील सदर बाजार आणि त्याला लागून असलेली सिव्हिल लाइन्स हा भाग एके काळी मोठ्या राज्यकारभाराच्या गजबजाटात असे. नागपूर ही तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांताची राजधानी होती. येथे पुष्कळ अहवाल छापले जात आणि बहुधा कपाटांतच पडून राहत. १९३९ साली मात्र येथील सरकारी छापखान्यातून एक निराळाच अहवाल बाहेर पडला. प्रांतातील उद्योगधंद्यांची पाहणी करण्यासाठी सरकारने नेमलेल्या समितीचा तो अहवाल होता. समितीने गिरण्यांपेक्षा खेड्यांकडे अधिक लक्ष दिले होते. तिचे अध्यक्ष होते जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा.

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडनला जाऊन ते हिशेब तपासण्याच्या विद्येत पारंगत झाले आणि मुंबईस परतून त्यांनी त्या व्यवसायात चांगला जम बसविला. विलायती पोशाख, विलायती राहणी, भरपूर मिळकत. कशाची वाण नव्हती. पुढे १९२७ साली ते अमेरिकेस गेले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत असता, हिंदुस्थान दरिद्री का राहिला, याचा शोध त्यांनी सरकारी जमाखर्चातून घेतला. तेव्हापासून त्यांचे मन धंद्यात रमेना.

आपला प्रबंध गांधीजींना दाखवावा, म्हणून १९२९ च्या मे महिन्यात ते साबरमतीस गेले. भेटीच्या वेळेस थोडा अवकाश होता. सारवलेल्या जमिनीवर झाडाखाली एक म्हातारा सूत कातीत बसला होता. कुमारप्पा काठीवर रेलून ते पाहत राहिले. थोड्या वेळाने त्या म्हाताऱ्याने त्यांचे नाव विचारले, तेव्हा कुठे त्यांना उमगले की, हेच गांधीजी! आपल्या कडक इस्तरीच्या विजारीचा विचार न करता ते तेथेच भुईवर बसले. कोणी खुर्ची आणली, पण ते तीवर बसले नाहीत.

नागपूरहून वर्ध्याला जाण्यास आज फार वेळ लागत नाही. या वर्ध्यात १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी आपली बाग त्यासाठी दिली. तिला मगनवाडी हे नाव मिळाले आणि संघाचा सारा भार कुमारप्पांच्या शिरावर आला. आता त्यांच्यापुढे कंपन्यांच्या चोपड्या नव्हत्या. शेत, गोठा, घाणी आणि उकिरडा यांचा हिशेब त्यांना मांडावयाचा होता.

तेलाचेच उदाहरण घ्या. तीळ, जवस, भुईमूग गावाबाहेर विकले की, शेतकऱ्याच्या हाती चार पैसे येत. परंतु तेलाबरोबर पेंडही गावाबाहेर जाई. पेंड गेली की बैलाचे खाणे उणे, खाणे उणे झाले की शेण निकस आणि शेण निकस झाले की पुढचे पीक हलके. वहीत जी रक्कम जमा दिसे, तीच मातीच्या खाती नावे पडत असे! म्हणून तेल गावच्या घाणीतच निघावे, असा कुमारप्पांचा आग्रह होता. मगनवाडीत घाणी सुधारण्याचे प्रयोग झाले. चिंध्या आणि टाकाऊ वस्तूंपासून हातकागद तयार होऊ लागला. रॉकेल परदेशातून येई. त्याऐवजी खेड्यात निघणाऱ्या तेलावर जळणारा मगनदीप नावाचा कंदील तेथे तयार झाला. दाट तेल वातीतून रॉकेलासारखे झरझर वर चढत नाही. त्यामुळे हे काम वाटते तितके सोपे नव्हते. मैला आणि केरकचरा यांचे सोनखत करावे, मेलेल्या जनावराचे कातडे व हाडेही वाया जाऊ देऊ नयेत, असे ते सांगत. पुष्कळांना हे विषय ओंगळ वाटत. कुमारप्पांना ते कधीच तसे वाटले नाहीत.

१९४२ च्या लढ्यात त्यांना कारावास घडला. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी टिकाऊ अर्थव्यवस्थेवर एक पुस्तक लिहिले. त्याला गांधीजींनी प्रस्तावना दिली. त्यातील विचार असा आहे. कोळसा आणि खनिज तेल हे भरलेल्या हौदासारखे आहेत. उपसत गेले की हौद कोरडा पडणारच. झाडे, पिके, जनावरे ही झऱ्यासारखी आहेत. जपून वापरली तर ती पुन:पुन्हा मिळत राहतात. बागेत शिरणारे माकड फळे खाते, पण बागेसाठी काहीच करीत नाही. मधमाशी मध नेते आणि फुलांना फळे धरण्यास मदतही करते. माणसाने कोणाचा कित्ता गिरवावा, हे त्यांनी या प्राण्यांवरूनच समजावून दिले.

कुमारप्पांचा स्वभाव मोठा रोखठोक होता. राष्ट्रीय नियोजन समितीवर त्यांना घेतले होते. मते जुळेनात, तेव्हा थोड्याच काळात ते बाहेर पडले. स्वातंत्र्यानंतर देशाने मोठ्या कारखान्यांचा मार्ग धरला आणि त्यांचे म्हणणे मागे पडले. काही बाबतींत ते जरा हट्टी होते, असेही म्हणता येईल. ट्रॅक्टरपेक्षा बैल बरा, कारण बैल शेताला शेणही देतो, हा त्यांचा हिशेब तेव्हा फारशा कोणाला पटला नाही.

तरी ते स्वस्थ बसले नाहीत. नागपूर व वर्धा यांच्या दरम्यान सेलडोह येथे त्यांनी पन्नै आश्रम काढून शेतीचे प्रयोग सुरू केले. पुढे प्रकृती ढासळली, तेव्हा ते दक्षिणेत मदुराईजवळच्या एका आश्रमात राहावयास गेले. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीच्याच दिवशी, मद्रास येथे त्यांचा अंत झाला. मगनवाडीतील ज्या संग्रहालयाचे उद्घाटन १९३८ साली गांधीजींनी केले, ते मगन संग्रहालय वर्ध्यात आजही पाहावयास मिळते.