रुग्ण घरी जाईपर्यंत

तुमच्या घरात कधीतरी कोणाचे ऑपरेशन झाले असेल. आठवून पाहा. ऑपरेशन दोन-तीन तासांत संपते. पण आपला माणूस घरी कधी येणार, याचा घोर घरातल्यांना कितीतरी दिवस असतो. या दिवसांत रुग्णाजवळ सतत असते ती परिचारिका. आपण तिला सिस्टर म्हणतो. तिच्या कामाला मान मिळवून देणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलची ही हकिकत ऐका.

तिचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला. शहराचेच नाव तिला मिळाले. आईवडील इंग्लंडचे, घरची श्रीमंती मोठी. तिला गणिताची फार आवड होती. परिचारिका व्हायचे तिने ठरवले, तेव्हा घरात वादळ उठले. त्या काळी श्रीमंतांच्या मुली हे काम करीत नसत. फ्लॉरेन्स अनेक वर्षे थांबली, पण तिने हट्ट सोडला नाही. १८५१ मध्ये तिने जर्मनीत जाऊन शुश्रूषेचे शिक्षण घेतले.

पुढे क्रिमियाचे युद्ध सुरू झाले. जखमी ब्रिटिश सैनिकांना जहाजांतून तुर्कस्तानात, इस्तंबूलसमोरच्या उस्कुदार येथे आणीत. नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांसह फ्लॉरेन्स तेथे पोहोचली. एका प्रचंड बराकीचेच रुग्णालय केलेले होते. अंगावर धड कपडे नाहीत, अंथरुणात उवा आणि जमिनीखाली तुंबलेली गटारे! डॉक्टर सडलेला पाय कापून जीव वाचवीत आणि तोच सैनिक नंतर तापाने किंवा जुलाबाने मरे. फ्लॉरेन्सने कपडे धुण्याची सोय केली, चांगले अन्न मिळवले. रात्री दिवा घेऊन ती रुग्णांमधून फिरे. तरीही त्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. मार्च १८५५ मध्ये सरकारने पाठवलेल्या तज्ज्ञांनी गटारे साफ करवली, हवा खेळती केली, तेव्हा कुठे मृत्यू झपाट्याने कमी झाले.

दिव्याची गोष्ट सगळेच सांगतात. मला तिचे पुढचे काम अधिक मोलाचे वाटते. इंग्लंडला परतल्यावर तिने मृत्यूंचे आकडे तपासले. जखमांपेक्षा रोगांनीच कितीतरी जास्त सैनिक दगावले होते! हे तिने रंगीत आकृत्या काढून दाखवले. कोणते ऑपरेशन झाले, नंतर काय त्रास झाला, रुग्ण बरा झाला की नाही, हे सर्व रुग्णालयांनी एकाच पद्धतीने लिहून ठेवावे, असे तिने सुचवले.

उपचारांना लागतील त्याहून एक दिवसही जास्त रुग्णाला रुग्णालयात ठेवू नये, असे तिचे मत होते. मग टाके काढले की लगेच घरी धाडायचे का? नाही. गरिबाचे घर म्हणजे अनेकदा एक अंधारी खोली, आणि पोटासाठी लगेच कामाला जाणे भाग. अशा अशक्त रुग्णांसाठी गावाबाहेर मोकळ्या हवेत वेगळी जागा असावी, अंगात ताकद येईपर्यंत त्यांनी तेथे राहावे, असे तिने आपल्या पुस्तकात लिहिले.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या नावाने परिचारिकांची शाळा निघाली. रुग्णाने खरोखर किती खाल्ले, त्याला झोप लागली का, हे परिचारिकेने स्वतः पाहावे, असा तिचा आग्रह असे. रुग्णाला ऐकू येईल अशा जागी उभे राहून कुजबुजण्याचा तिला फार राग येई. कुजबुज ऐकून रुग्णाच्या मनात भलतीच भीती शिरते. (तुम्हीही कोणाला भेटायला गेलात, तर हे ध्यानात ठेवा.)

क्रिमियात जडलेल्या आजारातून फ्लॉरेन्स स्वतः मात्र कित्येक वर्षे पुरती बरी झाली नाही. अंथरुणावर बसूनच ती पत्रे लिही, अहवाल तयार करी. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, लंडनमध्ये राहत्या घरी तिचे निधन झाले.