मोठ्या मुलांच्याही मारिया मॉन्टेसरी

मॉन्टेसरी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बालवाडी उभी राहते. परंतु डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी सहा ते बारा वर्षांच्या मुलांचाही सखोल विचार केला आणि तो विचार भारतभूमीत बहरला, हे आपण सहसा विसरतो.

३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील किआराव्हाले येथे त्यांचा जन्म झाला. १८९६ साली त्या डॉक्टर झाल्या. ६ जानेवारी १९०७ रोजी, प्रकटीकरणाच्या सणादिवशी, रोममधील सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह सुरू झाले.

१९३९ साली त्या मद्रासला आल्या. १९४० साली इटली महायुद्धात उतरताच इंग्रज सरकारने त्यांचे पुत्र मारिओ यांना अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध केले. मातेच्या सत्तराव्या वाढदिवशी त्यांची सुटका झाली. पुढे कोडाईकनाल येथे मायलेकांनी मोठ्या मुलांसाठी शिक्षणक्रम फुलवला. विश्वाची उत्पत्ती, जीवसृष्टी, मानव, लिपी आणि अंक यांच्या कथांमधून सृष्टीतील प्रत्येक घटक परस्परांशी कसा बांधलेला आहे, हे मुलांना उमगावे, हा त्यामागील हेतू होता.

६ मे १९५२ रोजी नेदरलँड्समधील नोर्डवाइक येथे त्यांचे निधन झाले. तेथील कॅथलिक दफनभूमीत त्या चिरविश्रांती घेत आहेत.

सहाव्या वर्षानंतर मूल प्रत्येक गोष्टीचे कारण विचारू लागते. नेमक्या त्याच वयात आपण त्याला गुणांच्या शर्यतीत उतरवतो. त्याच्या प्रश्नांना आपल्या घरात जागा आहे का, याचा आपण पालकांनी विचार करायला हवा.