विश्लेषण : सायकलचे चाक एका झटक्यात निघते, ते कोणामुळे? इटलीच्या तुल्लिओ कंपान्योलोंची गोष्ट

उलवे, द्रोणागिरी, उरण या पट्ट्यात रविवारी पहाटे गिअरच्या सायकलींचे छोटे-मोठे घोळके दिसतात. न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनर ट्रेलरांची गर्दी वाढण्याआधी सपाट रस्त्यावर एक फेरी मारायची, आणि अंगात जास्त दम असेल तर पनवेलपुढची कर्नाळ्याची खिंड चढून यायचे, असा बेत असतो. वाटेत पंक्चर झालेच तर अनेकांना पाना शोधावा लागत नाही. चाकाच्या मधोमध असलेली छोटी दांडी बोटाने उलटी केली, की चाक हातात येते. या दांडीला क्विक रिलीज म्हणतात. तिच्याशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या तुल्लिओ कंपान्योलोंनी शर्यतीच्या सायकलचे जवळपास सगळेच सुटे भाग नव्याने घडवले. त्यांच्या कारखान्यातून पन्नास-साठ वर्षांपूर्वी निघालेले भाग आजही जगभरात वापरात आहेत आणि हौशी मंडळी त्यासाठी चांगली किंमत मोजतात.

(नावाबद्दल थोडेसे. आपल्याकडे अनेक जण कॅम्पाग्नोलो किंवा नुसते कॅम्पी म्हणतात. इटालियन उच्चार कंपान्योलो.)

कोण होते कंपान्योलो?

त्यांचा जन्म २६ ऑगस्ट १९०१ रोजी उत्तर इटलीतील व्हिचेंझा येथे झाला. वडिलांचे हार्डवेअरचे दुकान होते. खिळे, नट-बोल्ट, अवजारे यांच्यात वाढलेल्या या मुलाला सायकल शर्यतींचे वेड लागले. १९२०च्या दशकात ते हौशी गटात शर्यती खेळत. स्पर्धक म्हणून ते फार मोठे झाले नाहीत, पण चढावर पाय भरून आलेले असताना हाताखालचा भाग कसा दगा देतो, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. पुढे कारखानदार झाल्यावर हाच अनुभव त्यांच्या कामी आला.

त्या काळी शर्यतीत गिअर बदलणे म्हणजे एक छोटा समारंभच असे. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना एकेक दातेरी चक्र. एका बाजूचे सपाटीसाठी, दुसऱ्या बाजूचे चढासाठी. घाटाच्या पायथ्याशी स्पर्धक खाली उतरे, नट सैल करी, चाक काढून उलटे बसवी, साखळी ताणून पुन्हा नट आवळी आणि मग चढाला लागे. मुंबई-पुणे शर्यतीत घाटाचा राजा होण्यासाठी झुंजणाऱ्या प्रत्येकाने खोपोलीत थांबून आधी चाक उलटे केले असते, अशी कल्पना करून पाहा. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारी यंत्रणा, म्हणजे डिरेलर, तेव्हा अस्तित्वात होता. पण टूर द फ्रान्सच्या संयोजकांनी तो १९३७पर्यंत नामवंत स्पर्धकांना वापरू दिला नाही. यंत्राने नव्हे तर माणसाने जिंकावे, हा त्यांचा आग्रह.

खिंडीतली ती गोष्ट खरी आहे का?

कंपनी वर्षानुवर्षे एक गोष्ट सांगत आली आहे. तारीख ११ नोव्हेंबर १९२७. डोलोमाइट पर्वताच्या पायथ्याकडची क्रोचे दाउने ही सुमारे हजार मीटर उंचीची खिंड. बर्फ पडत होता. आघाडीवर असलेले तुल्लिओ चाक उलटे करण्यासाठी उतरले, पण गारठलेल्या बोटांना नट फिरेना. तो नट पंखांसारखे दोन कान असलेला, हाताने फिरवायचा. मागचे स्पर्धक पुढे निघून गेले आणि शर्यत हातची गेली. त्या चडफडण्यातून क्विक रिलीज जन्मला, अशी ही कथा.

सायकलच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी मात्र या कथेवर शंका घेतली आहे. शर्यतीच्या नोंदी आणि पेटंटची कागदपत्रे तिच्याशी नीट जुळत नाहीत, हा त्यांचा मुद्दा. त्यामुळे शोधाचा तो नेमका क्षण दंतकथा म्हणून ऐकावा हे बरे. तरीही त्या खिंडीत कंपान्योलोंचे स्मारक उभे आहे आणि सायकलस्वार तिथे थांबून फोटो काढतात.

यंत्रणा अगदी साधी आहे. चाकाचा आस पोकळ करायचा, त्यातून एक बारीक सळई आरपार घालायची. सळईच्या एका टोकाला नट, दुसऱ्या टोकाला दांडी. दांडीच्या मुळाशी कॅम, म्हणजे मध्यापासून किंचित सरकवलेला गोल तुकडा. दांडी फिरवली की कॅम सळई ओढतो आणि चाक फ्रेमच्या दोन पट्ट्यांत घट्ट बसते. अर्ध्या फेऱ्यात पकड, अर्ध्या फेऱ्यात सुटका. अलीकडे डिस्क ब्रेकच्या सायकलींवर आरपार स्क्रू होणारे जाड आस आले आहेत. त्याआधीची कित्येक दशके शर्यतीच्या सायकलींवर हीच रचना जवळपास बदल न होता टिकली.

गिअर बदलायला हात मागे का न्यावा लागे?

१९३३मध्ये कंपान्योलोंनी वडिलांच्या दुकानामागच्या जागेत स्वतःची कंपनी सुरू केली. सुरुवातीचे दिवस लहानशा कार्यशाळेचेच होते. त्यातून कांबिओ कोर्सा ही गिअर बदलण्याची यंत्रणा बाहेर पडली. सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या नळीला दोन लांब दांड्या. चालत्या सायकलवर हात मागे न्यायचा, एका दांडीने चाकाची पकड सैल करायची, पायडल उलटे मारत दुसऱ्या दांडीने साखळी हव्या त्या चक्रावर ढकलायची. चाक दातेरी पट्टीवर पुढे-मागे सरकून साखळीचा ताण आपोआप जुळवून घेई. मग पहिली दांडी पुन्हा आवळायची. हे सगळे करताना मागचे चाक क्षणभर सैल असे! वाचतानाच धडकी भरते, पण याच यंत्रणेवर जीनो बार्ताली यांनी १९४८ची टूर द फ्रान्स जिंकली. तिची एका दांडीची सुधारित आवृत्ती वापरून फाउस्तो कोप्पी यांनी १९५०ची पॅरिस-रूबे शर्यत मारली.

तोवर कंपान्योलो पुढच्या यंत्रणेकडे वळले होते. ग्रान स्पोर्त या डिरेलरचा नमुना त्यांनी १९४९मध्ये मांडला. समांतरभुज चौकोनासारखी चार सांध्यांची चौकट केबलने ओढली जाते आणि साखळी आडवी सरकते. ही कल्पना पूर्णपणे त्यांची नव्हती. फ्रान्समध्ये तसे प्रयोग आधी झाले होते. पण शर्यतीचा मार खाऊन टिकेल असे तिचे रूप व्हिचेंझातून आले. आजच्या जवळपास प्रत्येक गिअर सायकलच्या मागे हाच चौकोन लटकलेला असतो.

दर्जाचे एवढे नाव कशामुळे झाले?

याचे उत्तर धातूत आहे, आणि त्याहून जास्त दुरुस्तीत. १९५८च्या सुमारास रेकॉर्ड हा क्रँकचा संच आला. आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकलीवर क्रँक पोलादी असतो आणि कॉटर ठोकून बसवतात. कॉटर झिजला की पायडल लचकते आणि मेकॅनिक हातोडी काढतो. रेकॉर्डचा क्रँक ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. आसाचे टोक चौकोनी आणि निमुळते, क्रँकचे भोकही तसेच. बोल्ट आवळला की दोन्ही एकमेकांत रुतून बसतात. कॉटर गेला, वजन उतरले.

१९६३चा रेकॉर्ड डिरेलर क्रोम चढवलेल्या ब्राँझचा होता. १९६७मध्ये जवळपास त्याच आकाराचा नुओव्हो रेकॉर्ड ॲल्युमिनियममध्ये आला. वजन सुमारे २०० ग्रॅम. त्याच दशकात एक मोठी फ्रेंच कंपनी डिरेलरसाठी प्लॅस्टिककडे वळली होती. कंपान्योलो धातूला धरून राहिले. आणि प्रत्येक भाग पूर्ण उघडता येईल असा ठेवला. कॅटलॉगमध्ये बारीकसारीक स्क्रू, वॉशर, स्प्रिंगलासुद्धा स्वतंत्र क्रमांक. हबमधली छर्रे फिरण्याची वाटी झिजली तर हब फेकायचा नाही, वाटी काढून नवी दाबून बसवायची. हबच्या पोटाला तेल सोडण्यासाठी छोटे भोक आणि त्यावर झाकणाची क्लिप. फ्रेम बनवणारे आणि दुरुस्त करणारे यांच्यासाठी अवजारांची एक लाकडी पेटीही त्यांनी काढली. एका भागाचे आयुष्य किती, हे झिजणाऱ्या वाटीने ठरू नये, असा तो विचार होता. फोन उघडायलाही कंपनीची परवानगी लागते अशा दिवसांत हे जरा वेगळेच वाटते.

एडी मर्क्स यांनी २५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापून विक्रम केला. एर्नेस्तो कोल्नागो यांनी बांधलेल्या त्या सायकलचे वजन ६ किलोंपेक्षा कमी होते आणि तिच्यावर कंपान्योलोचे भाग होते, ठिकठिकाणी भोके पाडून हलके केलेले. त्या काळात भोके पाडण्याची साथच आली होती. ब्रेकच्या मुठी, दातेरी चक्रे, काहीच सुटले नाही. कंपनीने १९७०च्या दशकाच्या मध्यावर टायटॅनियमचे भाग असलेला सुपर रेकॉर्ड संच आणला. इथे हलकेपणाचा हट्ट कधी कधी अंगाशी आला. टायटॅनियमच्या आसाबाबत तुटण्याच्या तक्रारी झाल्या.

या सगळ्यात तुल्लिओंनी मॅग्नेशियमची मोटारचाके ओतली; लॅम्बोर्गिनी मिउराच्या चाकांवर हेच नाव आहे. शिवाय १९६६मध्ये बाटलीचे बूच सरळ निघावे म्हणून एक भलामोठा बूचकाढू बनवला. तो अजूनही विकला जातो.

मग जपानी कंपन्या पुढे कशा गेल्या?

एक गोष्ट मान्य करायला हवी. गिअर बदलण्याच्या सफाईत नुओव्हो रेकॉर्ड कधीच सर्वोत्तम नव्हता. त्याचा चौकोन साखळीला सरळ आडवे नेतो. पण मागची चक्रे लहानापासून मोठ्यापर्यंत चढत जातात, त्यामुळे डिरेलरची चकती आणि चक्र यांतले अंतर प्रत्येक गिअरला बदलते. जपानच्या सनटूर कंपनीने १९६४मध्येच चौकोन तिरका केला. चकती चक्रांच्या उताराला धरून सरकू लागली. त्यांचा स्वस्तातला डिरेलर गिअर अधिक नेमका पाडत असे. व्हिचेंझातल्या भागाची ताकद वेगळी होती. तो वर्षानुवर्षे तेवढाच बरा चालत राही.

तुल्लिओ कंपान्योलो यांचे फेब्रुवारी १९८३मध्ये निधन झाले. ते कंपनीचे ५०वे वर्ष होते. सूत्रे मुलगा व्हालेंतिनो यांच्याकडे गेली. पुढच्याच वर्षी शिमानोने ड्युरा-एसमध्ये प्रत्येक गिअरला टिक असा खटका देणारी दांडी आणली आणि अंदाजाने दांडी सरकवण्याचे दिवस संपत आले.

जुना भाग विकत घेताना काय पाहावे?

नुओव्हो रेकॉर्ड डिरेलरच्या अंगावर पेटंट या शब्दापुढे दोन आकडे कोरलेले असतात, ७४, ७८ असे. १९७०च्या आसपासपासून ते बनल्याचे वर्ष सांगतात. हबच्या बाहेरच्या नटांवरही असे वर्ष सापडते. सायकल मूळ भागांची आहे की जोडतोड केलेली, हे त्यावरून ताडता येते.

डिरेलर, हब यांची झीज दिसते आणि दुरुस्तही होते. क्रँकचे तसे नाही. जुन्या रेकॉर्ड क्रँकला पाच फांद्या असतात. त्यातली एक जिथे मुख्य दांड्याला मिळते, त्या कोपऱ्यात बारीक तडा जाण्याची खोड जुन्या मेकॅनिकांना ठाऊक आहे. वर्षानुवर्षांच्या दाबाने ॲल्युमिनियम थकते आणि तडा आतून वाढत जातो. वरून चकचकीत पॉलिश केलेला क्रँक म्हणूनच जास्त संशयाने पाहावा. तो सायकलवरून उतरवून, ग्रीस पुसून, तो कोपरा भिंगाखाली तिरक्या उजेडात धरावा. केसाएवढी रेघ दिसली तरी असा क्रँक शोकेसमध्ये ठेवावा. कर्नाळ्याच्या चढावर उभे राहून पायडल मारायला तो लावू नये.