न्यायमूर्ती काशीनाथ त्र्यंबक तेलंग : लोकांचा वकील

देवस्थानच्या महाजनांना कायद्याच्या जाणकाराची थोरवी वेगळी सांगावी लागत नाही. पोर्तुगीज अमदानीपासून मंदिरांचा कारभार लेखी नियमांनी चालत आला. नियम म्हटला की वाद आला, आणि वाद आला की आपली बाजू शांतपणे, पुराव्यानिशी मांडणारा माणूस हवा. असाच माणूस साऱ्या प्रजेच्या वतीने उभा राहिला तर काय घडते, हे पाहावयाचे असेल तर गौड सारस्वत समाजात जन्मलेल्या कै. न्या. काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांचे अल्प परंतु तेजस्वी चरित्र आठवावे.

त्यांचा जन्म मुंबईस 30 ऑगस्ट 1850 रोजी झाला. एल्फिन्स्टन कॉलेजात एम. ए. व पुढे एलएल. बी. होऊन 1872 साली ते ॲडव्होकेटची कठीण परीक्षा उत्तीर्ण झाले. फिरोजशहा मेहता व बद्रुद्दीन तय्यबजी हे त्यांचे पुढील काळातील सहकारी विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले होते. तेलंगांची सारी विद्या मात्र याच भूमीत झाली. इंग्रजी कायद्याइतकेच संस्कृत धर्मशास्त्रही त्यांना अवगत असल्याने हिंदू कायद्याच्या खटल्यांत त्यांच्या शब्दाला विशेष वजन असे.

वकिलाची शिस्त त्यांनी विद्याव्यासंगातही सोडली नाही. रामायण होमरवरून बेतले आणि गीतेने ख्रिस्ती ग्रंथांतून उसने घेतले, असे युरोपीय पंडित म्हणू लागले, तेव्हा तेलंगांनी न रागावता एकेक पुरावा तपासून ती मते खोडून काढली. मॅक्स म्यूलर यांनी संपादिलेल्या ग्रंथमालेत 1882 साली त्यांचे गीतेचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले.

सार्वजनिक जीवनात त्यांची खरी कसोटी 1883 साली लागली. मुफसलातील हिंदी न्यायाधीशांनाही युरोपीय आरोपींचे खटले चालविण्याचा अधिकार द्यावा, असे इल्बर्ट बिल सरकारने आणले आणि गोऱ्या समाजाने त्याविरुद्ध मोठे काहूर उठविले. मुंबईच्या टाऊन हॉलमधील सभेत तेलंग, मेहता व तय्यबजी या तिघा कायदेपंडितांनी बिलाची बाजू मांडली. तेलंगांनी क्षोभाला क्षोभाने उत्तर दिले नाही; प्रतिपक्षाचे आक्षेप एकामागून एक घेऊन त्यांचा फोलपणा दाखविला. तथापि 1884 च्या आरंभी सरकारने तडजोड केली व आरोपी युरोपीयास निम्मे तरी गोरे पंच असलेली ज्यूरी मागण्याची सवलत दिली. युक्तिवाद सबळ असूनही दावा निम्माच पदरात पडला. प्रतिपक्ष संघटित होता, आपण नव्हतो, हा धडा त्यातून मिळाला.

तो धडा फुकट गेला नाही. 1885 च्या जानेवारीत या तिघांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन भरले. त्यात कायदेमंडळांच्या सुधारणेचा ठराव तेलंगांनी मांडला. ते स्वतः मुंबई कायदेमंडळाचे सरकारनियुक्त सभासद होते. नियुक्तीचा मान भोगीत असता निर्वाचनाची मागणी करणे, हे त्यांच्या निःस्पृहतेचे द्योतक होय.

1889 साली न्या. नानाभाई हरिदास यांच्या जागी ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. न्यायासनावर बसणाऱ्यास राजकारणाचा त्याग करावा लागतो. लोकांचा एक समर्थ वकील त्यामुळे कमी झाला. परंतु तेथेही त्यांची स्वतंत्र बुद्धी झाकली गेली नाही. पिता आपल्या वडील-भावांशी एकत्र असताना त्याच्या संमतीवाचून मुलास वाटणी मागता येते काय, असा प्रश्न 1891 साली पूर्णपीठापुढे आला. बहुमताने नकार दिला. तेलंगांनी मूळ शास्त्रग्रंथांच्या आधारे मुलाच्या जन्मसिद्ध हक्काचा कौल देणारा भिन्न निर्णय लिहिला. 1892 साली ते मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू झाले.

थोरांच्या चरित्रातील उणे झाकून ठेवणे हा खरा आदर नव्हे. संमतिवयाच्या कायद्याला तेलंगांनी पाठिंबा दिला होता. असा कायदा करण्याचा सरकारला अधिकार आहे, हे त्यांनी साधार प्रतिपादिले होते. त्याच तेलंगांनी 1893 साली आपल्या मुलीचे लग्न अल्पवयात करून दिले. सुधारक मित्र दुखावले, विरोधकांना आयतेच शस्त्र मिळाले. सभेत व न्यायासनासमोर न डगमगणारा हा पुरुष घरच्या वडीलधाऱ्यांच्या व रूढीच्या न्यायालयात हरला. दुसऱ्याची बाजू मांडणे एक, आणि आपल्या उंबरठ्याच्या आत ती निभावणे दुसरे. वकिली विद्येची मर्यादा यापेक्षा स्पष्ट कोठे दिसावी? ज्ञातिसंस्था चालविणाऱ्या आपण सर्वांनी या प्रसंगाकडे दोष काढण्यासाठी न पाहता आत्मपरीक्षणासाठी पाहावे.

त्याच वर्षी 1 सप्टेंबरला, त्रेचाळीस वर्षे पुरी होऊन दोनच दिवस झाले असता, तेलंगांचे देहावसान झाले. हायकोर्टातील त्यांच्या जागी न्या. महादेव गोविंद रानडे आले.

प्रतिपक्षाचे म्हणणे पुरते ऐकावे, पुराव्याबाहेर बोलू नये, आणि हार झाली तर कैफियत अधिक बळकट करून पुन्हा उभे राहावे, हा तेलंगांनी सार्वजनिक जीवनाला दिलेला वारसा आहे. आपल्या महाजनसभेतही मतभेद होतील, व्हावेतही. ते या रीतीने झाले तर श्रीचरणी रुजू केलेली तीही एक सेवाच ठरेल.