मेहकरच्या वकिलाची 'शीळ' जेव्हा घराघरात वाजली

मेहकर : आज एखादं गाणं गाजलं की दोन दिवसांत ते प्रत्येकाच्या स्टेटसला दिसतं. नव्वदेक वर्षांपूर्वी मोबाईल तर सोडाच, रेडिओही खेड्यात नव्हता. तरी आपल्या जिल्ह्यातल्या एका माणसाचं गाणं तेव्हाच्या तरुण पोरापोरींच्या ओठावर बसलं होतं. त्या गाण्याचं नाव 'शीळ', आणि लिहिणारे नागोराव घनश्याम देशपांडे, म्हणजेच कवी ना. घ. देशपांडे.

त्यांचा जन्म 21 ऑगस्ट 1909 चा, गाव शेंदुरजन. पुढं वकिली शिकले आणि मेहकरात वकिली केली. तेव्हा कवितेत नाव कमवायचं तर पुणं-मुंबई जवळ करावी लागे. मासिकं तिथं, प्रकाशक तिथं. नानासाहेबांसारखी माणसं इकडं पैनगंगेच्या काठावरच राहिली, कोर्ट सांभाळून लिहीत राहिली. याची किंमत त्यांना मोजावी लागली, ते पुढं येईलच.

'शीळ'मध्ये विशेष काय होतं? रानात कुणीतरी शीळ घालतो अन् ती ऐकून एक गावची बाई त्याच्यावर लटकं रागावते, एवढीच गोष्ट. पण बोली आपली, रान आपलं. त्याआधी मराठी तबकड्यांवर मुख्यतः नाटकातली पदं असायची, ताना-आलापांची. 1930 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत गायक जी. एन. जोशी यांनी ही कविता साध्या चालीत एच.एम.व्ही.च्या तबकडीवर गायली. जोशीही विदर्भातच वाढलेले, त्यामुळं या बोलीची गोडी त्यांना सांगावी लागली नसणार. किल्ली देऊन चालणारा फोनो, त्याला कर्णा, आणि तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. तेवढ्या वेळात कविता बसवायची होती. ती बसली आणि तुफान खपली. मराठी भावगीताची सुरुवात सांगताना आजही या तबकडीचं नाव आधी घेतात. 'नदीकिनारी' हे गाणंही याच जोडीचं. जोशी पुढं एच.एम.व्ही.मध्येच ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले.

गाणं सगळ्यांना पाठ, कवी मात्र फार थोड्यांना माहीत. गाणाऱ्याचं नाव लोकांच्या ध्यानात राहतं, लिहिणाऱ्याचं राहत नाही. हे तेव्हाही तसंच होतं. 'शीळ' याच नावाचा त्यांचा पहिला कवितासंग्रह आला तो थेट 1954 साली. म्हणजे गाणं ऐकून तरुण झालेली पिढी संसाराला लागून तिची लेकरं शाळेत गेली, तेव्हा कुठं पुस्तक हातात पडलं! कवीचं वय तोवर पंचेचाळीसच्या घरात.

मग 1963 ला 'अभिसार' आला. 'खूणगाठी' या संग्रहाला 1986 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दिल्लीचा हा मान मिळाला तेव्हा नानासाहेब सत्त्याहत्तरीत होते. थांबले तरीही नाहीत. मेहकरात कांचनीच्या महालाचे पडके अवशेष आहेत, त्याची दंतकथा इथल्या लहान पोरांनाही ठाऊक असते. 'कांचनीचा महाल' हा त्यांचा संग्रह उतारवयातला.

10 मे 2000 रोजी, वयाच्या नव्वदीत ते गेले. 'शीळ'ची ती जुनी तबकडी आता यूट्यूबवर ऐकायला मिळते. आवाजात खरखर आहे, पण शब्द स्पष्ट कळतात.