हाफकिन यांची चौकशी: संशोधनावर सरकारची नजर का हवी?

नवी लस घेताना किंवा औषधाच्या चाचणीत सहभागी होताना तुमच्या मनात प्रश्न येतो: यावर कोणाचे लक्ष असते का? परळची हाफकिन संस्था तुम्हाला ठाऊक असेल. ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते, त्या वाल्डेमार हाफकिन यांच्या आयुष्यातून याचे उत्तर मिळते.

स्वतःवर पहिला प्रयोग

हाफकिन १८६० साली ओडेसा येथे जन्मले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी प्लेगची लस बनवली. १० जानेवारी १८९७ रोजी तीही प्रथम स्वतःलाच टोचली. नंतर भायखळा तुरुंगातील तयार असलेल्या कैद्यांना ती दिली. आज मात्र कैद्याची संमती खरोखर मोकळेपणाने दिलेली आहे का, हे काटेकोरपणे तपासले जाते.

एक बाटली, १९ मृत्यू

ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावात लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. सर्वांना एकाच बाटलीतील लस दिली होती. त्या दिवशीच्या इतर बाटल्यांमुळे कोणालाही धनुर्वात झाला नाही.

सरकारने चौकशी नेमली. बाटली प्रयोगशाळेतच दूषित झाली असावी, असा निष्कर्ष निघाला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. पण ती बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला नव्हता, हेही नोंदीत होते. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी आवाज उठवल्यावर, १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. १९२५ मध्ये संस्थेला त्यांचे नाव मिळाले. १९३० मध्ये लोझानला त्यांचे निधन झाले.

तुमच्यासाठी याचा अर्थ

चौकशी व्हायलाच हवी होती. १९ घरांचा तो हक्क होता. पण पुरावा नीट न तोलता घाईने दोषी ठरवले, तर खरे कारण सुटते आणि तीच चूक पुन्हा होऊ शकते. म्हणून सरकारने नियम करावेत, तपासणी करावी. निष्कर्ष मात्र विषयाच्या स्वतंत्र जाणकारांनी, पुरावे खुले ठेवून काढावा.

भारतात आज २०१९ चे औषध चाचणी नियम लागू आहेत. चाचणीत सहभागी होण्याआधी एवढे विचारा:

- नैतिकता समितीची मंजुरी आहे का?
- चाचणीची सरकारी नोंदणी झाली आहे का?
- संमतिपत्र माझ्या भाषेत मिळेल का?
- इजा झाल्यास उपचार आणि भरपाई कोण देईल?

चाचणीतून तुम्ही केव्हाही बाहेर पडू शकता. लस किंवा औषधानंतर त्रास झाला, तर डॉक्टरांना लगेच सांगा आणि त्याची नोंद करायला लावा. बाटलीवरील किंवा पाकिटावरील बॅच क्रमांक जपून ठेवा. मुलकोवालमध्येही एका बाटलीपर्यंत पोहोचता आले, ते नोंदींमुळेच.